लॉफ्ट पिळला जातोय, स्केच जागेवर राहत नाही : हळदीच्या हॉपरसाठी मदत हवी

हरिपूरचा_हळदवाला

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत मेव्हण्याचा गाळा आहे, तिथे हळकुंड दळायच्या पल्व्हरायझरसाठी हॉपर (माल ओतायचं निमुळतं भांडं) करायचा आहे. तोंड चौकोनी, 600 बाय 600 मिमी. खालचं भोक गोल, 250 व्यासाचं. उंची 400. त्याच्या खाली यंत्राला जोडायला 60 मिमीची सरळ गोल कॉलर. पत्रा 3 मिमीचा.

मी फ्रीकॅड (कॉम्प्युटरवर 3D मॉडेल काढायचं मोफत सॉफ्टवेअर) शिकायला लागून तीन आठवडे झाले. ब्रॅकेट, फ्लँज, खाचेचा शाफ्ट एवढं जमलं. हॉपर मात्र चार रात्री झाल्या, हलत नाही. अडचणी क्रमाने सांगतो.

पहिली : गोल आणि चौकोन दोन्ही स्केच (सपाट रेखाकृती) XY प्लेनवर, म्हणजे आडव्या पातळीवर काढले. चौकोन वर उचलायला प्लेसमेंटमध्ये Z ला 400 टाकले. दिसायला वर गेला, पण फाइल रिफ्रेश झाली की परत खाली, गोलाच्या मांडीला मांडी लावून. शेवटी वैतागून त्याचं अटॅचमेंटच (प्लेनला चिकटवलेलं असणं) काढून टाकलं आणि हाताने सरकवून वर ठेवला. आता तो 400 वर आहे, पण मधोमध नाही. वरून पाहिलं की एका बाजूला 3 मिमी सरकलेला दिसतो.

दुसरी : तशातच लॉफ्ट (दोन स्केच जोडून मधला आकार भरणारी कमांड) मारला तर आकार येतो, पण पिळून काढलेल्या टॉवेलसारखा. कडा सरळ खाली न येता तिरक्या फिरतात.

तिसरी : कॉलरसाठी खाली -60 वर अजून एक गोल काढून तोही लॉफ्टमध्ये घेतला, तर हॉपरला मध्येच पोट सुटतं. घागरीसारखा दिसतो.

चौथी : मधूनमधून लॉफ्ट होतच नाही, लाल अक्षरांत एरर येते.

लॅपटॉप जुना आहे, आवृत्तीही जुनीच आहे. व्हिडिओ बघून बघून डोकं आउट झालंय. कोणी मराठीत नीट समजावेल का?

---

विश्रामबाग_डिझाइन

तुमच्या चारही तक्रारी खरं तर स्केचच्या आहेत, लॉफ्टची कमांड बरोबर काम करतेय. मी डिप्लोमाच्या मुलांना शिकवते. दरवर्षी याच ठिकाणी अर्धा वर्ग अडकतो, त्यामुळे तुम्ही मागे पडलात असं मनात आणू नका.

आधी जागेचं. स्केच प्लेनला चिकटवलं की त्याची जागा ते प्लेन ठरवतं. मग प्लेसमेंटमध्ये लिहिलेला आकडा टिकत नाही. आवृत्तीप्रमाणे तो रकाना कधी बंद असतो, कधी आकडा घेतो आणि पुन्हा पुसतो. आकडा लिहायची जागा वेगळी आहे, अटॅचमेंट ऑफसेट. स्केच निवडा, डावीकडच्या प्रॉपर्टीत हा शब्द शोधा, त्याच्या पोझिशनमध्ये Z ला 400 द्या. प्लेनपासून इतकं दूर राहायचं, असा तो निरोप आहे. तो कायम पाळला जातो.

इथला Z हा स्केचचा स्वतःचा Z आहे, म्हणजे कागदातून तुमच्या तोंडाकडे येणारी दिशा. XY वर काम करताना फरक कळत नाही, कारण दोन्ही Z एकच. पण उद्या XZ प्लेनवर स्केच काढून ऑफसेटला 100 दिलेत तर ते जगाच्या Y मध्ये उणे 100 कडे जाईल. माझी मुलं तिथे हमखास म्हणतात, "मॅडम, उलटं गेलं." उलटं गेलेलं नसतं. स्केच समोरून बघितल्यावर जे जवळ, ते अधिक. YZ प्लेनवर मात्र अधिक म्हणजे जगाच्या X चा अधिक.

हाताने सरकवलेला चौकोन डिलीट करा आणि पुन्हा काढा. दुरुस्त करत बसू नका, त्यात वेळ जास्त जातो. नवीन काढताना पहिल्या मिनिटाला मध्य पक्का करा : चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे निवडा, मग मूळबिंदू निवडा, सिमेट्रिक कन्स्ट्रेंट (दोन्हीकडे सारखं अंतर ठेवायची अट) द्या. एकाच कन्स्ट्रेंटमध्ये मध्य जागेवर बसतो. नंतर दोन बाजूंना 600, 600. गोलाचं केंद्र मूळबिंदूवर कोइन्सिडंट, म्हणजे बिंदूवर बिंदू. स्केच पूर्ण हिरवं, म्हणजे सगळीकडून बांधलेलं होईपर्यंत बंद करायचं नाही. पांढरी रेघ शिल्लक असेल तर ती कधी ना कधी सरकणार. तुमचे ते 3 मिमी तिथूनच आले.

वरचं स्केच आधीच्या घनाच्या पृष्ठभागावर चिकटवायचा मोह टाळा. पृष्ठभागाचं अंतर्गत नाव मॉडेल बदलल्यावर बदलतं आणि स्केच भलतीकडे उडी मारतं. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीत हा त्रास बराच कमी झाला, पण तुमची जुनी आहे. मूळ प्लेन आणि ऑफसेट ही जोडी सोडू नका.

---

कवलापूर_कॅड

दादा, सरळ सॉलिडवर्क्स घ्या. लॉफ्टमध्ये कनेक्टरचे हिरवे ठिपके दिसतात, ते ओढून कोपऱ्याला कोपरा जुळवला की पीळ जातो. प्रोफाइल निवडताना कुठे क्लिक केलं यावरही पीळ ठरतो, म्हणून दोन्हीकडे सारख्याच बाजूला क्लिक करायचं. पत्र्यासाठी लॉफ्टेड बेंड वेगळं आहे, त्यात दोन्ही स्केच बंद नको, उघडी लागतात, आणि दोन्हींची फट एका रेषेत.

---

हरिपूरचा_हळदवाला

@कवलापूर_कॅड, लायसन्सचे पैसे हॉपरच्या पत्र्यापेक्षा जास्त होतील हो. आत्ता तरी फ्रीकॅडच.

@विश्रामबाग_डिझाइन ताई, ऑफसेटचं जमलं! चौकोन बरोबर मधोमध, बरोबर 400 वर. फाइल बंद करून उघडली तरी तिथेच. चार रात्री मी चुकीच्या रकान्यात आकडा लिहीत होतो. पण पीळ तसाच आहे. कमी झाला, गेला नाही.

---

माधवनगर_पत्राकाम

मला कॉम्प्युटर फारसा येत नाही, पोरगी काढते आणि मी बघतो. पण चौकोन ते गोल हा आकार मी सत्तावीस वर्षं पत्र्यावर आखतोय, त्यामुळे पिळाबद्दल बोलू शकतो.

आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी खडू हातात दिला आणि सांगितलं, आधी नंबर टाक. चौकोनाच्या कोपऱ्यांना A, B, C, D. गोलाला बारा भाग करून 1 ते 12. मग कोणता नंबर कोणत्या अक्षराला जोडायचा ते ठरव, नंतरच कंपास उचल. नंबर न टाकता आखणाऱ्याचा नळा वाकडाच होतो.

तुझ्या कॉम्प्युटरचंही हेच आहे. तो बिंदूला बिंदू जोडतो. चौकोनाला चार बिंदू. तुझ्या गोलाला किती? पोरीला विचारलं, ती म्हणाली एकच, जिथे रेघ सुरू होऊन संपते तो, उजव्या हाताला आडव्या अक्षावर. आता तूच सांग, चार कोपरे एका बिंदूशी कसे जोडणार? उरलेले तीन तो अंदाजाने काढतो, आणि सुरुवातच कोपऱ्याला सोडून बाजूच्या मध्यावर. पंचेचाळीस अंशाचा पीळ तिथेच बसला.

गोलालाही चार बिंदू दे. कोपऱ्यांच्या समोर, म्हणजे 45, 135, 225, 315 अंशांवर.

---

विश्रामबाग_डिझाइन

काकांनी जे सांगितलं ते मी वर्गात तासभर बोलूनही इतकं स्वच्छ सांगू शकले नसते.

फ्रीकॅडमध्ये ते असं करा. गोल काढूच नका. मूळबिंदूतून दोन तिरक्या रेघा काढा, आडव्या अक्षाशी 45 अंश, आणि त्यांना कन्स्ट्रक्शन (फक्त मदतीच्या रेघा) करा. मग केंद्र धरून काढायच्या आर्कने चार आर्क. सगळ्यांची केंद्रं मूळबिंदूवर, टोकं त्या तिरक्या रेघांवर, शेजारची टोकं एकमेकांना कोइन्सिडंट, एकाला त्रिज्या 125. दिसायला गोलच, पण चार तुकड्यांचा.

अजून दोन गोष्टी. दोन्ही स्केच एकाच कोपऱ्यापासून, एकाच दिशेने काढा. चौकोन घड्याळाच्या दिशेने आणि आर्क उलट्या दिशेने असं केलं तर कधीकधी आकार मध्ये आवळून डमरू होतो. आणि तुकड्यांची संख्या मोजा. चौकोनाच्या एका कोपऱ्याला तुम्ही कुठे फिलेट (कोपरा गोल करणारा आर्क) दिलंय का? दिलं असेल तर चार विरुद्ध पाच झाले.

लाल एररचं बहुधा वेगळंच आहे : प्रोफाइल बंद नसणं. टोकं चिकटलेली दिसतात, पण आत केसाएवढी फट असते. स्केचर वर्कबेंचमध्ये व्हॅलिडेट स्केच आहे. ते उघडून उघडे बिंदू हायलाइट करा, सुटलेले कोइन्सिडंट शोधा आणि दुरुस्त करा. शिवाय दोन्ही स्केच एकाच बॉडीत (एका भागाच्या गटात) आहेत ना, ते डावीकडच्या यादीच्या झाडात बघून घ्या. बॉडीबाहेर राहिलेलं स्केच ॲडिटिव्ह लॉफ्ट घेत नाही.

---

हरिपूरचा_हळदवाला

पीळ गेला!! चारी कडा सरळ खाली उतरल्या. फिलेट खरंच होतं, एका कोपऱ्याला 10 चं, कधी दिलं आठवतही नाही. आणि व्हॅलिडेटने दोन उघडे बिंदू दाखवले. आता एरर नाही.

पोटाचं काय करू?

---

विश्रामबाग_डिझाइन

तीन स्केच दिली की लॉफ्ट त्यांच्यातून गुळगुळीत वक्र ओढतो. वरून तिरका येणारा पत्रा खाली सरळ कॉलरला मिळायला हवा, म्हणून तो आधीच वळायला लागतो, आणि पोट सुटतं. लॉफ्टच्या प्रॉपर्टीत रूल्ड हा पर्याय ट्रू करा, मग दोन-दोन स्केचमध्ये सरळ रेषा जाते. पण माझं ऐकाल तर कॉलर लॉफ्टमध्ये घालूच नका. लॉफ्ट दोन स्केचचा, आणि कॉलर खालच्या स्केचचं 60 चं पॅड (स्केच सरळ ओढून केलेला घन). जे सरळ आहे ते पॅडनेच करावं. तीन स्केच खरंच लागतील तेव्हा निवडायचा क्रम वरून खाली किंवा खालून वर असा सलग ठेवा, 0, 400, 200 असा नाही.

---

तानपुरा_मिरज

मध्येच विचारतो, क्षमस्व. आमच्या घरी तानपुऱ्याचं काम चालतं. मी भोपळा, गुलू (भोपळा आणि दांडी जोडणारा भाग) आणि दांडी यांचं मॉडेल करतोय, पॅकिंगच्या फोमचा साचा कापून घ्यायचा आहे म्हणून. गुलूपाशी भोपळ्याची गोलाई दांडीत जाते तिथे लॉफ्ट कधी फुगतो, कधी आवळतो. सॉलिडवर्क्समध्ये गाइड कर्व्ह देतात तसं फ्रीकॅडमध्ये काही आहे का?

---

विश्रामबाग_डिझाइन

लॉफ्टला गाइड कर्व्ह नाही. दोन रस्ते आहेत. एक, जिथे वक्र झपाट्याने बदलतो तिथे स्केच दाट घ्या, गुलूच्या दोन-तीन इंचांत चार तरी, आणि दांडीवर दोन पुरतात. दुसरा, ॲडिटिव्ह पाइप : त्याला मार्ग देता येतो आणि वाटेत अनेक प्रोफाइल. पंढरपूरकडून येणारा भोपळा गोल कधीच नसतो, त्यामुळे तुम्हाला प्रत्येक छेद खरा मोजावा लागेल. फोमसाठी हे करताय हे वाचून फार बरं वाटलं. भोपळा प्रवासात तडकला की काय होतं ते मी जवळून बघितलंय. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहीन.

---

हरिपूरचा_हळदवाला

हॉपरला आता 3 मिमी जाडी द्यायची आहे. थिकनेस (आतून पोकळ करून जाडी ठेवणारी कमांड) मारला तर फेल. मग आतला लॉफ्ट वजा करायचा म्हणून आतून 3 मिमी कमी अशी दोन स्केच काढली, 594 चा चौकोन आणि 244 चा गोल. झालं. बरोबर आहे ना? हे झालं की लगेच कटिंगला देतो.

---

माधवनगर_पत्राकाम

थांब. कटिंगला देऊ नकोस. दोन गोष्टी चुकल्यात.

पहिली, जाडी. तू आडवे 3 मिमी सोडलेस, पण पत्रा तिरका आहे. बाजूच्या मध्यावर चौकोन केंद्रापासून 300 वर, गोल 125 वर, म्हणजे आडवा फरक 175, उंची 400. पत्रा जमिनीशी साधारण 66 अंशांत उभा. आडवे 3 म्हणजे पत्र्याला काटकोनात मोजलं तर 2.75 भरतात. चित्रात 3, पत्र्यात पावणेतीन. माझं मत, जाडी काढूच नकोस. लॉफ्टचा फक्त पृष्ठभाग ठेव, पार्ट वर्कबेंचच्या लॉफ्टमध्ये सॉलिडची खूण काढली की तो मिळतो असं पोरगी सांगते, आणि मापं पत्र्याच्या मध्यरेषेची धर.

दुसरी मोठी आहे. तुझा आकार दिसायला बरोबर आहे, पण पत्र्यात उलगडत नाही. चौकोनाची सरळ बाजू तू अख्ख्या पाव गोलाला जोडलीस. एक टोक सरळ, एक टोक वाकडं, मधला पत्रा दोन्हीकडे वळलेला. असा पत्रा सपाट कापून वाकवून होत नाही, तो ठोकून ताणावा लागतो.

खरा चौकोन ते गोल असा असतो : चार सपाट त्रिकोण आणि चार कोपऱ्यांचे शंकूचे तुकडे. चौकोनाच्या प्रत्येक बाजूवर एक सपाट त्रिकोण, त्याचं टोक गोलाच्या एकाच बिंदूवर, बाजूच्या बरोबर समोर. आणि प्रत्येक कोपऱ्यातून शंकू निघून अख्खा पाव गोल भरतो. हा आकार पत्र्यात बिनचूक उलगडतो.

मी हे शिकलो ते नुकसानीतून. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने कॉम्प्युटरचं चित्र आणलं, असाच लॉफ्ट. सॉफ्टवेअरने उलगडूनही दिला होता. मी विश्वास ठेवला, पाच मिमीचा पत्रा कापला, रोल केला. तोंड जुळेना. एका कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट. दोन दिवस घणाने ठोकून बसवला, पत्र्यावर टप्पे पडले, गिऱ्हाइकाने निम्मे पैसे कापले. चूक माझीही होती, कंपासने तपासायला हवं होतं.

तुझ्या मापांची आखणी देतो, वहीत लिहून घे. त्रिकोणाचा पाया 600, मधली उंची 436.6, दोन्ही तिरक्या बाजू 529.7. शंकूच्या तुकड्यासाठी पाव गोलाचे तीन भाग कर. कोपऱ्यापासून चार बिंदूंची खरी लांबी : 529.7, 503.2, 503.2, 529.7. आता कंपास. त्रिकोण आख. त्याच्या कोपऱ्यावर कंपास ठेवून 503.2 चा कंस मार, गोलाच्या बिंदूवरून एका भागाचा कंस मार, जिथे छेदतील तो पुढचा बिंदू. असंच पुढे.

एका भागाची लांबी नीट घे. बारा भाग केले तर सरळ अंतर 64.7, बारा वेळा 776.5. गोलाचा खरा घेर 785.4. नऊ मिमी कमी पडले! कॉलर बसणार नाही. चोवीस भाग केले तर कमतरता सव्वादोन मिमीवर येते. मी चोवीसच करतो, आणि शेवटी लवचीक टेपने घेर मोजून उरलेली वाटून टाकतो.

---

विश्रामबाग_डिझाइन

काका, मी सकाळी हे वाचून लगेच मॉडेल करून पाहिलं. तुमचे आकडे जुळतात.

हळदवाले, कॉम्प्युटरवर काकांच्या आकाराच्या जवळ जायचं तर चारऐवजी आठ तुकडे करा. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना 2 मिमीचं फिलेट, म्हणजे चार रेघा आणि चार छोटे आर्क. गोलाचे आठ आर्क : 0, 90, 180, 270 अंशांवर एक-एक अंशाचा बारीक आर्क, साधारण 2 मिमी लांब, आणि मधले चार 89 अंशांचे. आता लॉफ्टमध्ये चौकोनाची रेघ बारीक आर्कला मिळते, तो झाला सपाट त्रिकोण. कोपऱ्याचं फिलेट मोठ्या आर्कला मिळतं, तो झाला शंकू. बघा, मघाशी बिंदू 45 वर होते, आता अक्षांवर आले.

दोन्ही लॉफ्ट शेजारी ठेवून बाजूच्या मध्यावर सावली बघा. पहिल्यात बाजू वळलेली दिसेल, दुसऱ्यात आरशासारखी सपाट.

अजून एक, काकांच्या आकड्यांवरूनच सुचलं. बाजूचा उतार 66 अंश, पण कोपऱ्याच्या घळीत तो जवळपास 53 वर येतो, कारण कोपरा केंद्रापासून जास्त लांब. हळकुंड आडवं बसणार ते कोपऱ्यातच. उंची वाढवायला जागा असेल तर आत्ताच वाढवा, अटॅचमेंट ऑफसेटमध्ये एकच आकडा बदलायचा आहे.

---

हरिपूरचा_हळदवाला

ताई, काका, काय बोलू. आठ तुकड्यांचा लॉफ्ट झाला. बाजू सपाट झाल्या. उंचीचं मेव्हण्याला विचारलं, वर माळा आहे, 450 च्या पुढे जाता येत नाही. 450 केलं. ऑफसेट बदलला आणि सगळं आपोआप वर गेलं, काही तुटलं नाही. मागच्या आठवड्यात हे मला खरं वाटलं नसतं.

नवीन उंचीची आखणी काकांच्या पद्धतीने स्वतः केली. त्रिकोणाची उंची 482.8, तिरकी बाजू 568.4. मॉडेलवर मोजलं, मिलिमीटरच्या आत आलं. आधी पुठ्ठ्याचा अर्ध्या मापाचा नमुना कापला. आईने पिठाच्या डब्यावर ठेवून बघितला, गोल बरोबर मिटला.

एकच शंका. दोन भागांत करणार, कारण एका पत्र्यात मावत नाही. जोड कुठे घेऊ? कोपऱ्यात घेतला तर कापायला सोपं पडेल असं मेव्हणा म्हणतो.

---

माधवनगर_पत्राकाम

आकडे बरोबर आहेत, मी ताडून पाहिले.

कोपऱ्यात जोड घेऊ नकोस. तिथे शंकू वाकतो, वेल्डिंगच्या उष्णतेने तोंड उघडतं, आणि आतून हळद त्याच रेघेत अडकते. जोड सपाट त्रिकोणाच्या मध्यावर, समोरासमोरच्या दोन बाजूंना. तिथे 482.8 ची सरळ रेघ आहे, शिअरवर एका घावात कापते. आधी चार-पाच ठिकाणी टॅक (वेल्डचे तात्पुरते टिपके) मार, कॉलर घालून बघ, मग पूर्ण वेल्ड. आतून ग्राइंडर फिरवायला विसरू नकोस.

आणि पत्र्यावर खडूने नंबर टाक.

---

हरिपूरचा_हळदवाला

टाकले आहेत काका, A पासून D आणि 1 ते 24. उद्या सकाळी शिअरवर घेतोय.